विश्लेषण : प्रोसेसर ९५ अंशांवर! लॅपटॉप धोक्यात आहे की नेहमीसारखाच चालला आहे?

मार्च उलटला की लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येऊ लागते. पंखा सारखा घोंघावतो, तळाला हात लाववत नाही आणि ऐन कामाच्या वेळी यंत्र मंदावते. तापमान दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर उघडून पाहिले, तर प्रोसेसरपुढे ९० किंवा ९५ असा आकडा दिसतो, तोही लाल रंगात. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत शिकलेल्या कोणालाही हा आकडा धडकी भरवणाराच. मग कोणी घाईने पेस्ट बदलून घेतो, कोणी कूलिंग पॅड आणतो, तर कोणी थेट नवा लॅपटॉप घ्यायला निघतो. प्रत्यक्षात हा आकडा अनेकदा उत्पादक कंपनीनेच आखून दिलेल्या मर्यादेच्या आत असतो. मात्र म्हणून सारे आलबेल आहे, असेही नाही. कोणते तापमान नेहमीचे, कोणते बिघाडाचे लक्षण आणि उष्णतेचा खरा फटका कशाला बसतो, याचा हा आढावा.

प्रोसेसरसाठी किती तापमान सुरक्षित?

प्रत्येक प्रोसेसरला त्याची उत्पादक कंपनी कमाल तापमान ठरवून देते. त्याला ‘टी-जंक्शन मॅक्स’ किंवा थोडक्यात ‘टीजे मॅक्स’ म्हणतात. हे तापमान लॅपटॉपच्या तळाचे किंवा आतल्या हवेचे नसते. सिलिकॉनच्या चिपमध्ये ट्रान्झिस्टर प्रत्यक्ष काम करतात, त्या जागेचे ते असते. इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या बहुतेक प्रोसेसरना ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. काही जुन्या पिढ्यांत ती १०५ होती, तर ‘कोअर अल्ट्रा’ मालिकेच्या पहिल्या पिढीतील अनेक प्रोसेसरना ती ११० आहे. एएमडीच्या लॅपटॉपसाठीच्या अलीकडच्या रायझन प्रोसेसरना पिढीनुसार ९५ ते १०५ अंशांची मर्यादा आहे. आपल्या प्रोसेसरचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हा आकडा मिळतो.

व्यवहारात ढोबळ अंदाज असा धरता येतो. लॅपटॉप नुसता सुरू असेल, तर प्रोसेसर ४० ते ५५ अंशांदरम्यान असतो. ब्राऊझर, कागदपत्रे, ऑनलाइन बैठक यांसाठी ५० ते ७०. व्हिडीओ संपादन, गेम किंवा जड गणिती काम सुरू असेल, तर ८० ते ९५. पातळ लॅपटॉपमध्ये हे आकडे वरच्या टोकाकडे झुकतात. एखादे अ‍ॅप उघडताना क्षणभर तापमान ९० पर्यंत उसळून पुन्हा खाली येणे, हेही नेहमीचेच. काळजीचा विषय आहे तो हलक्या कामातही तापमान तासन् तास मर्यादेला चिकटून राहण्याचा.

मग ‘७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका’ हा सल्ला आला कुठून?

हा सल्ला अगदीच निराधार नव्हता. तो वेगळ्या मोजमापाचा होता. जुन्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ‘टी-केस’ नावाचा आकडा दिलेला असे. डेस्कटॉप प्रोसेसरच्या चिपवर धातूचे झाकण असते आणि त्या झाकणाच्या मध्यभागी किती तापमान चालेल, हे टी-केस सांगत असे. अनेक मॉडेलसाठी तो आकडा ७० च्या आसपास होता. झाकण ७० अंशांवर असताना आतली चिप त्याहून बरीच गरम असते. परंतु वापरकर्त्यांनी झाकणाची मर्यादा थेट चिपच्या तापमानाला लावली आणि ‘७० च्या वर धोका’ हा समज रूढ झाला.

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सहसा असे झाकण नसते. चिप उघडीच असते आणि उष्णता वाहून नेणारा तांब्याचा भाग थेट तिच्यावर बसतो. त्यामुळे लॅपटॉपसाठी टी-जंक्शन हाच आकडा लागू होतो. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे तापमानही चिपमध्येच बसवलेल्या संवेदकांचे असते. म्हणजे तुलना करायची, तर ती या दोन आकड्यांतच करायला हवी.

मर्यादा गाठल्यावर नेमके काय होते?

चिपमध्ये ठिकठिकाणी बसवलेले संवेदक सतत तापमान मोजत असतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि त्यासोबत विजेचा दाबही उतरवतो. यालाच ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ही वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग थोडासा घटवला तरी उष्णता बऱ्यापैकी उतरते. हे सारे सेकंदाच्याही छोट्या भागात घडते आणि वापरकर्त्याला जाणवतो तो फक्त मंदावलेला लॅपटॉप. इतके करूनही तापमान चढतच राहिले, म्हणजे पंखा बंद पडला किंवा उष्णता वाहून नेणारा भाग निखळला, तर मर्यादेच्या बरेच वर गेल्यावर प्रोसेसर यंत्रच बंद पाडतो.

ही सोय पूर्वी सगळ्यांकडे नव्हती. २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू संगणकाच्या प्रोसेसरवरील पंखा आणि हीटसिंक काढून काय होते, याची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. इंटेलच्या पेंटियम ४ ने वेग कमी केला आणि तो तगला. एएमडीचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून जळाला. त्यानंतर चिपमध्येच असे संरक्षण असणे हा सर्वमान्य प्रघात झाला. म्हणूनच निव्वळ तापून प्रोसेसर ‘उडाला’ ही घटना आज दुर्मीळ आहे. दुकानात तसे निदान ऐकायला मिळालेच, तर मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचा भाग, चार्जिंगचे सर्किट किंवा सांडलेले पाणी ही कारणे आधी तपासून घेणे शहाणपणाचे.

प्रोसेसर इतके तापतातच का?

आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला होता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले की त्यांना लागणारा दाब आणि वीजही त्याच प्रमाणात घटते; त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले, तरी एकूण उष्णता वाढत नाही, असे त्याचे सार. जवळपास तीन दशके हे गणित जुळले. २००५ च्या सुमारास ते कोलमडले. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण दाब त्या प्रमाणात कमी करता येईना आणि बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. पेंटियम ४ च्या शेवटच्या पिढ्या तापण्यासाठीच ओळखल्या गेल्या आणि त्याचा आखलेला वारसदार इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. एकाच कोअरचा वेग वाढवत नेण्याऐवजी अनेक कोअर बसवण्याचा मार्ग मग कंपन्यांनी धरला.

दुसरा बदल ‘टर्बो’चा. आजचा प्रोसेसर ठरावीक वेगाने चालत नाही. तापमान आणि वीज यांची जेवढी मोकळीक मिळेल, तेवढा वेग तो घेतो. उदाहरणार्थ, इंटेलच्या ‘कोअर आय५-१२३५यू’ या लोकप्रिय लॅपटॉप प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे, पण टर्बोत ती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. नखाएवढ्या चिपमधून ५५ वॅट उष्णता बाहेर काढायची, तर तापमान चढणारच. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० हे डेस्कटॉप प्रोसेसर आणले, तेव्हा जड कामात ते ९५ अंशांवर चालावेत अशीच त्यांची रचना असल्याचे कंपनीने सांगितले होते. म्हणजे पूर्वी जो आकडा धोक्याची घंटा होता, तो आता प्रोसेसर पूर्ण क्षमतेने राबत असल्याची खूण ठरू शकतो.

एकच प्रोसेसर, मग दोन लॅपटॉपच्या वेगात फरक का?

ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध असलेला मुद्दा हाच. प्रोसेसर तोच असला, तरी त्याला थंड ठेवणारी यंत्रणा प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळी असते. तांब्याच्या पोकळ नळ्या, ज्यांच्या आत थोडेसे द्रव असते, चिपची उष्णता शोषून पात्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखा ती बाहेर फेकतो. नळ्या किती, जाळी केवढी, पंखे एक की दोन, यावर सारे अवलंबून असते. त्यातच प्रोसेसरला सलग किती वॅट द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी स्वतः ठरवू शकते. एका लॅपटॉपमध्ये तोच प्रोसेसर अर्धा तास २५ वॅटवर टिकतो, तर दुसऱ्यात मिनिटाभरात १५ वर उतरतो. खोक्यावरचे नाव मात्र दोन्हींचे सारखेच.

याचे गाजलेले उदाहरण २०१८ चे. अ‍ॅपलने त्या वर्षी सहा कोअरच्या ‘आय९’ प्रोसेसरसह १५ इंची मॅकबुक प्रो आणला. जड कामात त्याचा वेग जाहीर केलेल्या मूळ वेगाच्याही खाली घसरत असल्याचे एका यूट्यूबरने दाखवून दिले. काही दिवसांतच अ‍ॅपलने तापमान नियंत्रणाच्या फर्मवेअरमध्ये त्रुटी असल्याचे मान्य करून सॉफ्टवेअर अद्ययावत केले. वेग सावरला, पण महागडा प्रोसेसर पातळ देहात बसवल्याने त्याची पूर्ण ताकद मिळतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरे टोक म्हणजे २०२० मध्ये आलेला ‘एम१’ चिपचा मॅकबुक एअर. त्यात पंखाच नाही. कमी विजेत जास्त काम करणारी चिप असेल, तर उष्णतेचा प्रश्न मुळातच सौम्य होतो, हे त्याने दाखवले. अर्थात दीर्घकाळ जड काम दिले, तर तोही वेग कमी करतोच.

सतत गरम राहिल्याने आयुष्य घटते का?

घटते, पण किती हा खरा प्रश्न. चिपमधील अतिसूक्ष्म तारांतून वीज वाहताना इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना हळूहळू ढकलत असतात. वर्षानुवर्षांनी तार कुठे पातळ होते, कुठे जाड. याला ‘इलेक्ट्रोमायग्रेशन’ म्हणतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६० च्या दशकात त्याचे समीकरण मांडले. तापमान वाढले की ही झीज झपाट्याने वाढते, असे ते सांगते. कंपन्या टीजे मॅक्स ठरवताना ही झीज गृहीत धरतात. त्यामुळे मर्यादेच्या आत चालणारा प्रोसेसर सहसा लॅपटॉपच्या इतर भागांपेक्षा जास्त टिकतो. बिजागरी, कीबोर्ड, बॅटरी आणि पंखा आधी कुरकुरू लागतात.

मात्र दोन प्रसंग सावध करणारे आहेत. पहिला २००८ चा. एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप ग्राफिक चिप अपेक्षेपेक्षा खूप जास्त प्रमाणात निकामी होऊ लागल्या. चिप आणि तिच्या तळपट्टीला जोडणारे साहित्य वारंवार तापण्या-निवण्याच्या ताणापुढे कमकुवत पडत होते. त्यापोटी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. म्हणजे तापमानाच्या कमाल आकड्याइतकेच त्याचे सततचे चढउतारही घातक ठरू शकतात.

दुसरा प्रसंग २०२४ चा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम आणि इतर कामे अचानक बंद पडू लागली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त दाब मागत होता आणि जादा दाब व तापमान यांच्या जोडीने आतील एक सर्किट अकाली झिजत होते, असे कंपनीच्या तपासात निष्पन्न झाले. ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड देण्यात आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. झिजलेला प्रोसेसर मात्र सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. लॅपटॉपच्या प्रोसेसरना ही बाधा नसल्याचे इंटेलने सांगितले होते. तरीही मुद्दा उरतोच. तापमान मर्यादेत आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे डोळे झाकून म्हणता येत नाही. आणि लॅपटॉपच्या कंपनीकडून येणारे बायोस अपडेट टाळू नयेत.

महाराष्ट्रातील उन्हाळ्याचा परिणाम किती?

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. लॅपटॉपचा पंखा खोलीतल्याच हवेने प्रोसेसर थंड करतो. काम तेच आणि पंख्याचा वेगही तोच असेल, तर खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातील फरक साधारण तेवढाच राहतो. समजा, २५ अंशांच्या खोलीत एखादे काम करताना प्रोसेसर ८० अंशांवर जातो. फरक ५५ अंशांचा. तेच काम ४० अंशांच्या खोलीत केले, तर प्रोसेसर ९५ च्या घरात पोहोचतो. थंडीत विनातक्रार चालणारा लॅपटॉप मे महिन्यात का मंदावतो, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. बिघाड काहीच नसतो. हवाच गरम असते.

त्यामुळे अकोला, नागपूर, चंद्रपूर किंवा जळगावसारख्या ठिकाणी एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, तेव्हा लॅपटॉपपुढे मोकळीक फारच कमी उरते. मुंबई किंवा पणजीत ३४ अंशांनाही माणूस घामाने बेजार होतो, कारण दमट हवेत घाम सुकत नाही. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते हवेचे प्रत्यक्ष तापमान. म्हणून माणसाला ‘सुसह्य’ वाटणारी विदर्भातील कोरडी दुपार लॅपटॉपला मात्र किनारपट्टीपेक्षा जड जाते. किनाऱ्यावरची अडचण वेगळी. खारट, दमट हवेने आतले धातूचे भाग गंजतात आणि धूळ जाळीला चिकटून बसते. शिवाय राज्यभर बांधकामे आणि रस्त्यांच्या कामांची धूळ आहेच. पंख्याच्या जाळीवर धुळीची गादी साचली की नवा लॅपटॉपही वर्ष-दीड वर्षात गरम होऊ लागतो.

प्रोसेसरपेक्षा बॅटरीची काळजी जास्त का?

प्रोसेसर १०० अंश सहन करतो. लिथियम-आयन बॅटरी नाही. अ‍ॅपलच्या सूचनेनुसार मॅकबुक १० ते ३५ अंशांच्या वातावरणात वापरावा. ३५ अंशांहून जास्त उष्ण वातावरणात बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असेही कंपनी सांगते. म्हणजे राज्याच्या निम्म्याहून अधिक भागात उन्हाळ्याची दुपार बॅटरीच्या सोयीची नाही. त्यात लॅपटॉप सतत चार्जरला जोडलेला, बॅटरी १०० टक्के भरलेली आणि शेजारी तापलेला प्रोसेसर असेल, तर झीज आणखी वेगाने होते. सिलिकॉनचे आयुष्य वाचवण्यासाठी धडपडणारे वापरकर्ते बॅटरीकडे दुर्लक्ष करतात ते यामुळेच, कारण तिचे तापमान सहसा कोणी पाहतच नाही.

आगीचा धोकाही बॅटरीचाच. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या सदोष बॅटऱ्यांमुळे एकट्या डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. जून २०१९ मध्ये अ‍ॅपलने सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१७ या काळात प्रामुख्याने विकल्या गेलेल्या १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही बॅटऱ्या, तापून आग लागण्याच्या शक्यतेमुळे, बदलून देण्याचे जाहीर केले. त्यानंतर ऑगस्टमध्ये भारताच्या नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने हे लॅपटॉप विमानात नेऊ नयेत, असे प्रवाशांना बजावले. या सर्व प्रकरणांत प्रोसेसर किती गरम झाला हा प्रश्नच नव्हता.

बॅटरी फुगू लागली की टचपॅड वर उचलला जातो, क्लिक होईनासा होतो किंवा तळाचे झाकण फाकते. असे दिसताच चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा आणि तो दुरुस्तीला न्यावा. फुगलेली बॅटरी दाबणे, टोचणे किंवा कचऱ्यात टाकणे जीवघेणे ठरू शकते.

मांडीवर लॅपटॉप ठेवणे कितपत योग्य?

‘लॅप’टॉप असे नाव असले, तरी मांडी ही त्याची योग्य जागा नाही. बहुतेक लॅपटॉप तळातून हवा आत ओढतात. मांडी, गादी, उशी किंवा पांघरूण यांनी ती वाट अडते आणि तापमान काही मिनिटांत चढते. दुसरी बाजू शरीराची. भाजण्याइतकी नसलेली, पण दीर्घकाळ लागणारी उष्णता त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटवते. शेगडीजवळ बसणाऱ्यांमध्ये पूर्वी दिसणारा हा त्रास लॅपटॉपमुळेही होऊ लागला. स्वित्झर्लंडमधील १२ वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर असे डाग उमटल्याची नोंद २०१० मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तो काही महिने रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळत असे. गादीवर बसून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी साधा लाकडी पाट किंवा मोठी पुस्तकेही पुरतात. लॅपटॉपचा तळ कठीण पृष्ठभागावर हवा, इतकाच मुद्दा.

तापमान खरेच वाढले असेल, तर काय करावे?

सर्वांत आधी मोजावे. विंडोजवर ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांसारखी मोफत साधने प्रोसेसरचे तापमान आणि थ्रॉटलिंग झाले की नाही, हे दोन्ही दाखवतात. नुसता एक क्षणाचा कमाल आकडा न पाहता नेहमीच्या कामात अर्धा तास नोंद पाहावी. काही न करता तापमान ७० च्या वर असेल, तर आधी ‘टास्क मॅनेजर’ उघडून प्रोसेसर कोण खात आहे ते पाहावे. अनेकदा एखादे अडकलेले अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा ब्राऊझरचे डझनभर टॅब हेच कारण निघते.

त्यानंतरचे उपाय स्वस्तापासून महागाकडे जाणारे असावेत. मागची बाजू इंच-दीड इंच उचलून ठेवणे फुकट आहे आणि बरेचदा काही अंशांचा फरक पाडते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के केले, तर अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो. कार्यालयीन कामात वेगाचा फरक फारसा जाणवत नाही, तापमान मात्र लक्षणीय उतरते. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल, तर ती सुरू करावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप कधीही ठेवू नये. वर्षातून एकदा पंखा आणि जाळी साफ करून घ्यावी. चिप आणि तांब्याच्या भागामधील पेस्ट काही वर्षांनी सुकते, त्यामुळे जुन्या लॅपटॉपमध्ये ती बदलण्याचा उपयोग होतो. वर्षभराच्या लॅपटॉपला ती सरसकट बदलायची गरज नसते, आणि वॉरंटी असेल तर ते काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे.

दुरुस्तीला नेण्याची खरी लक्षणे वेगळी आहेत. लॅपटॉप काम करता करता अचानक बंद पडणे, पंखा अजिबात न फिरणे किंवा खरखरणे, पूर्वी सहज होणाऱ्या कामात तापमान चालू होताच मर्यादेवर जाणे आणि बॅटरीचा फुगवटा. यांपैकी काही नसेल, तर ९० हा आकडा एकट्याने खर्च करण्याचे कारण ठरत नाही.

खरेदी करताना ग्राहकाला ही माहिती मिळते का?

बहुधा नाही. इंटेलने १२ व्या पिढीपासून ‘मूळ वीजमर्यादा’ आणि ‘कमाल टर्बो वीजमर्यादा’ असे दोन आकडे जाहीर करायला सुरुवात केली, हे स्वागतार्ह होते. पण ते प्रोसेसरचे आकडे आहेत. हातात येणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो प्रोसेसर सलग किती वॅटवर टिकतो, हे जाहिरातीत किंवा खोक्यावर सहसा छापलेले नसते. ठळक छापला जातो तो कमाल टर्बो वेग, जो काही सेकंदच मिळू शकतो. ४० अंशांच्या खोलीत तो किती मिळेल, याचा तर उल्लेखही नसतो. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर अभियांत्रिकीच्या मुलासाठी लॅपटॉप घेणाऱ्या कुटुंबाला ‘आय५’ की ‘आय७’ एवढाच प्रश्न विचारला जातो. प्रत्यक्षात चांगल्या थंड यंत्रणेचा ‘आय५’ हा कोंदट देहातल्या ‘आय७’पेक्षा दीर्घ कामात सरस ठरू शकतो.

म्हणून खरेदीपूर्वी त्याच मॉडेलची, त्याच प्रोसेसरसह केलेली सलग अर्ध्या तासाची चाचणी पाहावी. हवा आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची जागा कुठे आहे, तळाचे झाकण साध्या स्क्रूने उघडते का आणि बॅटरी बदलता येते का, हेही विचारावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयीची माहिती एकत्र मिळावी, हा हेतू आहे. वॉरंटीत असलेला लॅपटॉप तापून वारंवार बंद पडत असेल आणि सेवा केंद्र ‘हे नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवत असेल, तर तापमानाची नोंद, तारखा आणि जॉबशीट जपून ठेवावीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करताना आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याची वेळ आली तर तीच कामी येतात. प्रोसेसर १०० अंशांवर चालू शकतो हे कंपनीचे म्हणणे बरोबर असू शकते, पण पैसे मोजताना सांगितलेला वेग त्या तापमानाला टिकतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे.